रेंजचा परवाना आणि अण्णांचा हात

लॉकडाऊनमध्ये आमच्या जालन्यात औषधाची दुकानं, दूध, किराणा आणि बंदूक चालवायची रेंज एवढं उघडं होतं, असं मी सांगितलं की लोक हसतात. मी काही गमतीनं सांगत नसते. त्या रेंजचं कुलूप रोज सकाळी मीच काढायचे, आणि ती उघडी राहावी म्हणून जो अर्ज गेला तोही मीच लिहिलेला होता.

रेंज अंबड रोडला, गाव संपल्यावर डाव्या हाताला. पत्र्याची लांब शेड, आत एअर रायफलच्या आठ लेन, मागं पन्नास मीटरचं मोकळं मैदान आणि शेवटाला गोळी अडवायला घातलेला मातीचा उंच बांध. एका खाजगी रायफल क्लबची ती जागा. क्लबचे अध्यक्ष बियाण्यांचे मोठे व्यापारी. मी कॉलेजात असताना एनसीसीत बरी नेमबाजी करायचे, राज्यापर्यंत खेळून आले होते, त्या जोरावर मला तिथं नोकरी लागली. सकाळी शाळेतल्या बारा मुलींना शिकवायचं. बाकी दिवसभर काडतुसांचं रजिस्टर लिहायचं, हत्यारं पुसायची, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवायची. सगळे मला मॅडम म्हणायचे, पण झाडू मारण्यापासून सही घेण्यापर्यंत सगळं माझ्याकडंच होतं.

घरात आम्ही दोघंच, अण्णा आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांचं अक्षर जुन्या जालन्यात माहीत नाही असं घर नव्हतं. रिटायर झाल्यावरही कुणाला रेशन कार्डाचा अर्ज हवा असला, कुणाला बदलीचा, कुणाला नुकसानीचा, तर माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. अण्णा त्याला आधी सगळं बोलू द्यायचे आणि मग एका पानात लिहून द्यायचे. मला म्हणायचे, "अर्जात खोटं लिहायचं न्हाई. पण खरं कुठून सुरू करायचं ते आपल्या हातात असतं."

त्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. आठ दिवस दवाखान्यात काढले. बोलणं थोडं जड झालं होतं, ते पुढं सुटलं. पाय ओढत का होईना चालायला लागले. उजवा हात मात्र कोपरापासून खाली तसाच राहिला, बोटं मिटलेली. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिले सहा महिने महत्त्वाचे आहेत, रोज व्यायाम झाला तर बोटं उघडतील, पुढं मग अवघड.

धान्याच्या बाजाराजवळ एका गल्लीत दोन खोल्यांचं फिजिओथेरपीचं सेंटर होतं. चालवणारी मुलगी तिशीच्या आतलीच, मूळची अंबडची. ती अण्णांना सर म्हणायची आणि अण्णा तिला डॉक्टर म्हणायचे. रोज अकरा वाजता मी रेंजवरून यायचे आणि त्यांना तिथं घेऊन जायचे. ती त्यांची बोटं एकेक करून उघडायची, गरम पाण्यात हात बुडवून ठेवायची, कपड्याचे चिमटे दोरीला लावायला लावायची. अण्णा घामाघूम व्हायचे, पण कधी उद्या बघू म्हटलं नाही. मार्चच्या मध्यावर त्यांचा अंगठा पहिल्या बोटाला टेकला. डॉक्टरनं मला आत बोलावून दाखवलं. अण्णांनी तीनदा करून दाखवलं, वर्गात पोरानं पाढा म्हणून दाखवावा तसं.

आणि मग सगळं बंद झालं. रेंजही बंद, सेंटरही बंद. पहिले काही आठवडे मला त्याचं काही वाटलं नाही, कारण सगळ्यांचंच बंद होतं. डॉक्टर फोनवर व्यायाम सांगायची, मी करून घ्यायचे. पण माझा हात बंदूक धरणारा. मला घट्ट धरायची सवय. अण्णांचं बोट उघडताना जोर किती लावायचा ते मला कळायचं नाही. एकदा ते ओरडले आणि मग मला भीतीच बसली.

एप्रिलच्या शेवटी अध्यक्षांचा फोन आला.

"मॅडम, रेंज चालू करायची. बँकेचे गार्ड, पैशाच्या गाडीचे गार्ड, ह्यांचा सराव बंद पडून राह्यला. त्यांच्या कागदाला सराव केल्याचं सर्टिफिकेट लागतं. तेवढ्यावर परवानगी मिळू शकते. तुम्ही चांगलं लिहिता, एक अर्ज बनवा."

मी दोन वेळा लिहून खोडलं. शेवटी वही घेऊन अण्णांच्या खाटेजवळ बसले. त्यांना किती तरी दिवसांनी कुणी अर्जाचं विचारत होतं. ते उशीला टेकून बसले, डोळे मिटले आणि सांगायला लागले. त्यातलं मधलं वाक्य मला अजून पाठ आहे: "शस्त्राचा उपयोग हा सरावावर अवलंबून असतो. सराव तुटला की हात विसरतो, आणि शस्त्र धरणारा हात विसरला तर त्याची किंमत जनतेला मोजावी लागते."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. त्यांना खटकलं होतं का, ते मी पुढंही कधी विचारलं नाही.

चार दिवसांत परवानगी आली. गाडीला लावायला लाल अक्षरांचं स्टिकर आलं, अत्यावश्यक सेवा. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं की परवानगी देणाऱ्या साहेबांना तुमचा अर्ज आवडला, ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं म्हणे. मी अण्णांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मंग झालं तर."

पहिल्या आठवड्यात चार गार्ड आले. दोन-दोन फैरी झाडल्या, सर्टिफिकेटं घेतली आणि गेले. मग कुणी गार्ड आला नाही, महिन्यातून एखादा सोडला तर. त्यांच्या जागी अध्यक्षांची मित्रमंडळी यायला लागली. एक गुत्तेदार, रस्त्याची कामं घेणारे. दोन व्यापारी. ज्या ऑफिसातून परवानगी आली तिथले एक साहेब. सगळे घरात बसून कंटाळले होते. सकाळी नऊला यायचे, तासभर पॉइंट टू टूची, बारक्या गोळीची रायफल चालवायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि कुणाच्या गल्लीत किती पेशंट निघाले ते बोलायचे. माझ्या बारा मुलींना मात्र यायला मनाई होती. परवानगीतच लिहिलं होतं की खेळाच्या सरावास मुभा नाही. एक मुलगी अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या चाळीतून यायची. ती फोन करून विचारायची, मॅडम, आमचं कधी? मी सांगायचे, निघेल ऑर्डर.

डॉक्टरनं मेच्या सुरुवातीला सेंटर अर्धं शटर वर करून उघडून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी बंद करायला लावलं. यादीत दवाखाना होता, फिजिओथेरपी असं कुठं लिहिलेलं नव्हतं. ती दोनदा आमच्या घरी आली. तिसऱ्यांदा गल्लीतल्या लोकांनी तिला गल्लीच्या तोंडावरच अडवलं, कारण ती राहायची त्या भागात पेशंट सापडले होते.

मग मी तिच्यासाठी अर्ज लिहायला घेतला. अण्णा म्हणाले, "माझं नाव घालू नको. आपल्यासाठी अर्ज करायचा नसतो." मी म्हटलं, तुमचं नाव नाही घालत. तिच्याकडचे नऊ पेशंट होते, सगळे हातापायानं अडलेले, त्यांचं लिहिलं. आणि स्टिकर लावलेली स्कूटी घेऊन परवानगी देणाऱ्या त्याच ऑफिसात गेले. टेबलावरच्या बाबूनं अर्ज वाचला, मास्क खाली करून म्हणाला, "ह्याच्यात अत्यावश्यक काय आहे, ताई? हे काय मरून नाही राह्यले ना?"

मी म्हटलं, "मरत न्हाईत. पण हात जाईल त्यांचा."

"ठेवून जा," तो म्हणाला.

दहा दिवस काही आलं नाही. मग मी जे करायला नको होतं ते केलं. साहेब रेंजवर आले होते, नेम चांगला लागला होता, खुशीत होते. मी त्यांच्यासमोर अर्जाची दुसरी प्रत ठेवली. त्यांनी बसून वाचली, तेवढं मी म्हणेन. उद्धट बोलले नाहीत.

"मॅडम, असे रोज पन्नास येतात. एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते."

"साहेब, रेंजला दिलीच की."

मी बोलून गेले. गुत्तेदार चहा पीत होते ते थांबले. साहेबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, "बघतो" म्हणाले आणि त्यांच्या लेनवर गेले. दुपारी अध्यक्षांचा फोन. "पाहुण्यांना असं अडचणीत टाकायचं नसतं, मॅडम. तुम्ही शिकलेल्या आहात." मी सॉरी म्हटलं.

त्यानंतर मला एक गोष्ट सुचली. परवानगीच्या अटींत एक ओळ होती, जागेवर प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती हजर असावी. तशी कुणी नव्हतीच. मी अध्यक्षांना सांगितलं की तपासणी आली तर अडचण होईल, माझ्या ओळखीची एक डॉक्टर आहे, ती येईल. ते म्हणाले, "पैसे न मागता येत असतील तर येऊ द्या." तिचा पास निघाला. आणि तिच्या मागोमाग मी अण्णांना आणलं.

डबल सीट बंद होतं तेव्हा. नाक्यावर पोलिसानं स्टिकर पाहिलं आणि अण्णांकडं बोट केलं. "बाबांना कुठं घेऊन चाललात?"

"रेंजवर."

"ह्या वयात?"

"गार्ड होते ते. कागदाचं काम आहे."

त्यानं जाऊ दिलं. पुढं गेल्यावर अण्णा मागून म्हणाले, "गार्ड म्हणालीस."

"मंग काय म्हणू?"

त्यांनी वळून नाक्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बराबर आहे. मास्तर म्हणाली असतीस तर सोडलं नसतं त्यानं."

शेडच्या कडेला टार्गेटचे कागद ठेवायची खोली होती. तिथं मी एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकल्या. डॉक्टर त्यांचा हात टेबलावर घेऊन बसायची. बाहेर गोळी सुटली की अण्णा पहिल्या दिवशी दचकायचे आणि बोटं परत मिटायची. मी त्यांना कानाला लावायचे मफ आणून दिले. मग ते आणि ती खुणांनीच बोलायचे. पत्रा तापायचा, ती घामानं भिजायची, पण कधी घड्याळ पाहिलं नाही तिनं. बारा दिवस चाललं हे. दहाव्या दिवशी अण्णांनी टार्गेटवर खुणा करायची जाड पेन्सिल बोटांत धरली आणि जुन्या टार्गेटच्या पाठीमागं एक उभी रेघ मारली. वाकडी होती, पण वरून खाली पूर्ण होती. डॉक्टर म्हणाली, "सर, अजून दीड महिना असंच केलं तर तुम्ही सही करता बघा."

बाराव्या दिवशी गुत्तेदार पाण्याची बाटली शोधत त्या खोलीत शिरले. डॉक्टर, अण्णा, टेबलावर तेलाची वाटी. त्यांनी दारातूनच नाकावर रुमाल धरला.

"हे कोण?"

मी खरं सांगितलं. ते तसेच मागं वळले. बाहेर जाऊन फोन लावला.

अर्ध्या तासात अध्यक्ष स्वतः आले. मला गेटपाशी बोलावलं. चिडलेले नव्हते, वैतागलेले होते.

"मॅडम, मी तुम्हाला घरातल्यासारखं मानलं. तुम्ही इथं पेशंट आणून बसवता? उद्या ह्या लोकांना काही झालं म्हणजे?"

"अध्यक्षसाहेब, त्यांना लागण न्हाई. हाताचा व्यायाम चालू आहे फक्त. हे दिवस गेले तर..."

"ते ठीक आहे. पण हा दवाखाना न्हाई. ही जागा अत्यावश्यक सेवेसाठी दिलेली आहे. तुम्हीच तर अर्ज लिहिला ना?"

ज्यांना हाकलायचं चाललं होतं त्यांचंच वाक्य त्या अर्जात होतं, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं. सांगावं असं तोंडावर आलं आणि मी गिळलं. अण्णा आतून ऐकत असतील असं वाटलं. सांगितलं असतं तर काही बदललं असतं असं आजही वाटत नाही, पण निदान सांगितलं तर असतं.

डॉक्टरचा पास त्याच दिवशी रद्द झाला. मी अण्णांना घरी सोडलं. ते म्हणाले, "नोकरीवर बोलू नको काही. चालू राहू दे."

आणि मी चालू ठेवली. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण ह्या सगळ्यात साहेबांचा, अध्यक्षांचा, गुत्तेदाराचा राग करणं सोपं आहे आणि तो मी वर्षानुवर्षं केलेला आहे. पण दुसऱ्या दिवशी आठ वाजता कुलूप मीच काढलं. गुत्तेदारांनी कानाचे मफ मागितले. काल अण्णांच्या कानाला होते तेच. मी ते सॅनिटायझरनं पुसून त्यांच्या हातात दिले. त्यांच्या गोळ्या त्या दिवशी एका जागी चांगल्या पडल्या, आणि मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा.

जुलै संपला. मोठ्या डॉक्टरांनी अण्णांचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, व्यायाम चालू ठेवा, पण आता आहे त्यावर भागवायचं. फिजिओथेरपीवालीच्या दोन्ही खोल्या मालकानं परत मागितल्या. ती सामान टेम्पोत घालून अंबडला आईवडिलांकडं गेली. जाताना फोन करून कोणत्या बोटाला किती वेळ, ते मला परत सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. महिनाभर केलंही. अण्णाच मग म्हणाले, "पुरे."

ते डाव्या हातानं लिहायला शिकले. पहिलीच्या पोरांची दुरेघी वही मागवली होती. रोज एक पान स्वतःचं नाव. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो तेव्हा त्यांनी ती सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. काउंटरवरच्या मुलानं जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि अदबीनं म्हणाला, "सर, जुळत न्हाई. अंगठा द्यावा लागेल."

साक्षरतेच्या वर्गात अण्णांनी म्हाताऱ्या बायांना सह्या शिकवल्या होत्या. अंगठा पुसा, नाव लिहा, असं भिंतीवर लिहिलेलं असायचं, आणि ते त्यांच्याच अक्षरात. त्यांनी डावा अंगठा पुढं केला. त्या मुलानं तो शाईवर दाबून कागदावर टेकवला. घरी आल्यावर अण्णा मोरीपाशी उभे राहिले आणि नळ सोडला. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ पाणी पडत राहिलं म्हणून बाहेर आले, तर डाव्या हातात साबण धरून ते तसेच उभे. उजवा हात मिटलेला. एका हातानं तोच हात धुता येत नाही. मी त्यांचा अंगठा चोळून चोळून धुतला. शाई नखात राहिलीच.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली आणि परत सगळं बंद झालं. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, मागचा अर्ज काढा, तारीख बदला. मी काढला, तारीख बदलली. ते वाक्य मी वगळू शकले असते. नाही वगळलं, कारण त्याच वाक्यावर परवानगी मिळते हे मला माहीत होतं. ह्या वेळी दोन दिवसांत मिळाली. अण्णांना मी काही विचारलं नाही, आणि त्यांनी स्टिकर पाहिलं तरी विचारलं नाही. पावसाळ्यात एका कार्यक्रमात क्लबच्या लोकांना कोरोना योद्धा म्हणून प्रमाणपत्रं वाटली. माझंही होतं. ते मी रेंजच्या कपाटात ठेवलं, घरी आणलं नाही.

नोकरी मी वर्षभरानं सोडली, तीही निषेध म्हणून नाही. परतूरकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची जागा निघाली म्हणून सोडली. अध्यक्षांनी शाल दिली. मी घेतली.

मागच्या उन्हाळ्यात एका कामासाठी अंबडला गेले होते. परतीच्या बसला वेळ होता. स्टँडवर ती फिजिओथेरपीवाली भेटली. कडेवर लहान मुलगी होती. सेंटर परत काढलं का विचारलं तर म्हणाली, न्हाई ताई, एका औषध कंपनीत लागले, फिरतीचं काम आहे. तिला मुलीचं कौतुक सांगायचं होतं, मला शाळेचं, तसं थोडं झालं. मग तिनं विचारलं, "सरांचा हात कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. "लिहितात आता."

कोणत्या हातानं ते मी म्हटलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. हात बरा होणं म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती पुढं काही विचारेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं मुलीची टोपी नीट केली आणि म्हणाली, "तुमची जालना गाडी लागली बघा."